डॉक व्रूमनची अकरा वर्षं

माझ्या गोठ्यात बासष्ट गायी आहेत आणि त्यातल्या बहुतेकींनी कधी ना कधी डॉक व्रूमनला लाथ मारलेली आहे. तो मात्र कधी एकीवरही ओरडला नाही. त्याचं सगळं ओरडणं आम्हा मालकांसाठी राखून ठेवलेलं. "वेंडेल, ही गाय आजारी नाही, ही तुला कंटाळलीय," असं तो माझ्या बायकोसमोर म्हणायचा, आणि जोअन खूश होऊन त्याला ॲपल पायचा आणखी एक तुकडा वाढायची. आम्ही सगळे त्याला तोंडावर अहो-जाहो करायचो आणि पाठीमागे म्हातारा म्हणायचो. त्याला दोन्ही ठाऊक होतं.

पुरं नाव अल्टन व्रूमन. जनावरांचा डॉक्टर. हार्पर्स किल हे आमचं गाव आणि आजूबाजूची तीन खोरी मिळून बावन्न वर्षं त्याने गायी, घोडे, शेळ्या आणि त्यांचे मालक सांभाळले. दवाखाना म्हणाल तर एक पिकअप गाडी आणि घरी स्वयंपाकघरातलं टेबल. त्या टेबलाशी त्याची बायको लोइस बसायची. गायीच्या आत हात घालायचं काम डॉकचं, बाकी सगळं लोइसचं. फोन, पत्रं, औषधांच्या मागण्या, सरकारी फॉर्म, सगळं. डॉकची आपली समजूत अशी, की पाकिटं आपली आपणच चिकटतात आणि चालत चालत टपालात जातात.

लोइस अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेली, मेपलच्या झाडांचा गोड रस उकळायच्या दिवसांत. तिला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हा माणूस माझ्या गोठ्यात हजर.

"अहो डॉक, आज कशाला आलात?" मी म्हटलं.

"तुझ्या गायीला कुणी सांगितलंय का, आज सुट्टी आहे म्हणून?" असं म्हणून त्याने बाह्या वर सारल्या. मी गरम पाण्याची बादली आणून ठेवली. तुम्हीही तेच केलं असतं.

त्यानंतर त्याच्या घरातल्या कागदांचं काय झालं, हे विचारायची आमच्यापैकी कुणाला बुद्धी झाली नाही. मागच्या ओसरीत एक बंद पडलेला मोठा फ्रीझर होता. ऑल्बनीहून येणारं प्रत्येक पाकीट डॉक न फोडता त्यात टाकायचा. ऑल्बनी ही आमच्या राज्याची राजधानी. तिथून कधी चांगली बातमी आल्याचं गावात कुणाला आठवत नाही, त्यामुळे आम्हाला ही व्यवस्था उलट शहाणपणाची वाटायची. मी एकदा म्हटलं होतं, "फोडून तरी बघा."

"महत्त्वाचं असलं तर परत पाठवतील," तो म्हणाला.

पाठवत होते ना बिचारे! अकरा वर्षं पाठवत होते.

तीन वर्षांपूर्वी टॅरिन ऑस्ट्रँडर आली. तिशीची पोरगी, नवी जनावरांची डॉक्टर, बैलाच्या पलीकडे उभी राहिली तर टोपीसुद्धा दिसायची नाही. आमच्या गावाने तिचं स्वागत नेहमीच्या मोठ्या मनाने केलं, म्हणजे पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने आपापली सगळ्यात द्वाड गाय तिच्यापुढे उभी केली. अर्ल स्टर्नबर्ग तर म्हणाला, "पोरी, ही सोळाशे पौंडांची आहे, झेपेल का?" टॅरिन म्हणाली, "मला तिला उचलून न्यायचं नाहीये, काका. तपासायचंय." त्या दिवसापासून डॉक तिला बरोबर घेऊन फिरायला लागला. कुणी विचारलं तर सांगायचा, "मी शिकवत नाही तिला. ती माझ्यावर लक्ष ठेवून आहे."

आजूबाजूचे बाकीचे जनावरांचे डॉक्टर केव्हाच गावातली कुत्री-मांजरं बघायला लागले होते. कुत्रं लाथ मारत नाही आणि पहाटे चारला वीत नाही. टॅरिन गेली असती तर आम्हाला पुढचा डॉक्टर दीड तासावर. ते आम्हाला कळत होतं आणि डॉकला आमच्या आधी कळलं होतं. म्हणून टॅरिनने जेव्हा म्हटलं, "आपण दोघं मिळून रीतसर कंपनी काढू या," तेव्हा ज्या माणसाने जन्मात एक पाकीट फोडलं नव्हतं तो ताबडतोब हो म्हणाला.

आमच्या गावात वकील एकच, कर्टिस हॉटॅलिंग. त्याची कचेरी हार्डवेअरच्या दुकानावर. मीही सोबत गेलो, कारण दुसऱ्याच्या कामात फुकट बसायला मिळत असेल तिथे मी असतोच.

"परवाना घेऊन काम करणाऱ्यांसाठी ही वेगळी कंपनी असते," कर्टिस सांगायला लागला. "डॉक्टर, दंतवैद्य, इंजिनिअर, तुमच्यासारखे लोक. मर्यादित जबाबदारीची."

"मर्यादित? मग उरलेली कुणाची?" डॉक म्हणाला.

"तसं नाही डॉक. टॅरिनच्या हातून काही चुकलं तर तुमचं घर जाणार नाही. तुमच्या हातून चुकलं तर तिचं जाणार नाही."

"आणि माझ्या हातून चुकलं तर माझं?"

"ते जाईल."

"म्हणजे आत्ता आहे तसंच की. आणि याला तू सात वर्षं शिकलास?"

टॅरिन हसू दाबत होती. कर्टिसने घसा खाकरला आणि मुख्य नियम सांगितला: या कंपनीत बिनपरवान्याच्या माणसाला सभासद होता येत नाही. बायको नाही, मुलगा नाही, सावकार नाही, कुणी म्हणजे कुणी नाही.

"हे बेस्ट!" डॉकने टेबलावर थाप मारली. "पेंड विकणाऱ्याने दवाखाना काढायचा म्हणजे काय! चांगला नियम आहे. असे आणखी चार करा म्हणावं त्यांना."

नाव ठरलं 'व्रूमन आणि ऑस्ट्रँडर'. आधी त्याचं नाव लावायचा हट्ट टॅरिनचा. डॉक लाजून लाल झाला. पुढचा आठवडाभर मी त्याला खानावळीत कागदी रुमालावर ते नाव लिहिताना पाहिलं, कधी मोठ्या अक्षरात, कधी तिरकं. शहात्तरीचा घोडा, आणि शाळेतल्या पोरीसारखा आपलं नाव गिरवतोय!

कंपनी काढायची तर प्रत्येक सभासदाच्या परवान्याचा दाखला ऑल्बनीहून मागवावा लागतो. कर्टिसने दोघांचे मागवले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. टॅरिनचा दाखला दहा दिवसांत आला. डॉकच्या नावाने आलं ते दोन ओळींचं पत्र. परवाना आहे, पण नोंदणी दर तीन वर्षांनी नवी करावी लागते ती केलेली नाही. अकरा वर्षांपूर्वीच ती संपली आहे, आणि तेव्हापासून या गृहस्थांना राज्यात व्यवसाय करता येत नाही.

कर्टिसने हे डॉकला सांगायच्या आधी मला सांगितलं. वकील लोक शूर असतात, पण दुसऱ्याला पुढे करून.

डॉकला सांगून झालं तेव्हा आम्ही चौघं त्याच्या मागच्या ओसरीत गेलो आणि फ्रीझर उघडला. टॅरिन जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेक पाकीट फोडून वर्षाप्रमाणे लावत गेली. फॉर्म, आठवण, दुसरी आठवण, शेवटची आठवण, आणि मग शेवटच्या आठवणीनंतरची आठवण. डॉक दाराशी उभा होता.

"हे लोइस करायची," तो म्हणाला.

"हो, डॉक," टॅरिन म्हणाली.

"मला वाटलं, परवाना एकदा मिळाला की मिळाला."

"परवाना जन्मभराचा आहे," कर्टिस म्हणाला. "नोंदणी तीन वर्षांची."

"लग्नाचं असं असतं तर निम्मं गाव सुटलं असतं," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. हसायची वेळ नव्हतीच ती, पण मला गप्प बसता येत नाही.

त्या ढिगात नव्याने नोंदणी करायचा फॉर्म होता. त्यात बाकी सगळं नाव-गाव-पत्ता, आणि मध्येच एक प्रश्न: नोंदणी नसलेल्या काळात तुम्ही व्यवसाय केलात का? पुढे दोन चौकोन. हो. नाही.

कर्टिस खिडकीबाहेर बघायला लागला. "वकील म्हणून मी कुणाला खोटं लिहायला सांगू शकत नाही," तो म्हणाला. "मी आपला या सफरचंदाच्या झाडाला सांगतोय. ज्याने 'नाही' लिहिलं त्याचं काम तीन आठवड्यांत होतं. ज्याने 'हो' लिहिलं त्याची चौकशी बसते, काम बंद होऊ शकतं, आणि माणूस शहात्तर वर्षांचा असला तर बंद झालेलं काम परत सुरू होत नाही. बरं का रे झाडा?"

डॉकने फॉर्म घडी करून खिशात टाकला आणि टॅरिनला म्हणाला, "गाडीची किल्ली घे. नोंदणी नाही हे आता मला कळलंय, तेव्हा आता मी जाऊ शकत नाही." बस्स, एवढंच. बावन्न वर्षांत जो माणूस ताप असतानाही घरी बसला नव्हता तो दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरात जाऊन बसला.

पहिले चार दिवस आम्ही वाट पाहिली. टॅरिन एकटी तीन खोऱ्यांत पळत होती. "मी थांबते, डॉक," तिने त्याला सांगितलं होतं. "तुम्ही असाल तरच कंपनी. घाई नाही मला." घाई नाही म्हणताना तिचे डोळे झोपेने मिटत होते. पाचव्या दिवशी रविवार होता. अग्निशामक केंद्रात साऱ्या गावासाठी पॅनकेकची न्याहारी होती, आणि आमच्या गावात अक्कल अशीच सगळी मिळून एकदम वापरली जाते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," अर्ल स्टर्नबर्ग तोंडात पॅनकेक ठेवूनच म्हणाला. "म्हाताऱ्याने 'नाही' लिहावं. आणि ऑल्बनीवाल्यांनी विचारलंच, तर आपण सगळे सांगू की नाही म्हणजे नाहीच!"

"नुसतं सांगून काय होतंय? लेखी पाहिजे," बर्निस म्हणाली. बर्निस टीटर गावाची कारकून आहे आणि शपथपत्रावर शिक्का मारायचा अधिकार तिचा. तो शिक्का ती पर्समध्येच घेऊन फिरते, इतर बायका लिपस्टिक घेऊन फिरतात तसा. "मी इथेच बसते. फी नको मला. एका रांगेत या."

आणि काय सांगू, लोक रांगेत उभे राहिले! आमच्या गावात रक्तदानाला नऊ जण येतात. खोटी शपथ घ्यायला चौतीस आले. अर्लने लिहिलं की डॉक आपल्याकडे येतो तो फक्त पत्ते खेळायला. ज्या वसंतात डॉकने त्याच्या एकोणीस गायी तपासल्या त्या वसंतात डाव जरा लांबला असावा. शाळेच्या मुख्याध्यापिकेने लिहिलं की तिचा घोडा प्रार्थनेने बरा झाला. हे ऐकून पाद्रीबुवांना बरं वाटलं असेल असं मी समजत होतो, तर तेसुद्धा रांगेतच! सही करताना त्यांनी डोळे मिटले होते. भक्तीने की लाजेने, ते देवालाच ठाऊक. आणि मी? मी लिहिलं, 'गेल्या अकरा वर्षांत डॉ. अल्टन व्रूमन यांनी माझ्या गोठ्यातल्या एकाही जनावराला हात लावलेला नाही. माझ्या गायी मुळातच निरोगी आहेत.' हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते जोअनला वाचून दाखवलं.

"गायी निरोगी असतील," जोअन म्हणाली. "मालकाच्या डोक्याचं काय?"

"अगं, त्याच्यासाठीच करतोय हे."

"त्याला विचारलंत का?"

तिने सही केली नाही. बायकांना व्यवहार कळत नाही असं मी त्या दिवशी अर्लला म्हणालो. आता परत म्हणणार नाही.

त्याच दुपारी मी, अर्ल आणि बर्निस असे तिघं तो गठ्ठा घेऊन डॉककडे गेलो. लग्नाची मागणी घेऊन चाललोय अशा थाटात चाललो होतो. टॅरिन तिथेच होती, सिंकपाशी बूट धूत. बर्निसने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या डॉक. चौतीस आहेत. सगळ्यांवर शिक्का."

डॉकने चष्मा लावला. आम्हाला वाटलं, वरचे दोनतीन चाळेल, गहिवरेल, आणि 'नाही'वर खूण करेल. तो एकेक वाचत सुटला. सावकाश. मोठ्याने.

"'डॉक्टर व्रूमन आमच्याकडे केवळ पत्ते खेळण्यास येत असत,'" त्याने वाचलं आणि अर्लकडे बघितलं. "अर्ल, तुझ्याशी मी कधी पत्ते खेळलोय?"

"नाही खेळलात, पण—"

"तू लबाडी करतोस, म्हणून नाही खेळलो." त्याने कागद पालथा ठेवला. पुढचा घेतला. मग त्याच्या पुढचा. घोडा प्रार्थनेने बरा झाल्याचं वाचून टॅरिनच्या हातातून बूट पडला. बर्निसचा चेहरा उतरत चालला होता. मी आपला विचार करत होतो की माझा तळाशी असेल, तिथपर्यंत त्याला कंटाळा येईल. बाविसावा होता माझा.

त्याने माझं पूर्ण वाचलं. निरोगी गायींपर्यंत. मग चष्मा काढला.

"वेंडेल, लोइसला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुठे होतो रे?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

"विचारतोय मी तुला. कुठे होतो?"

"माझ्या गोठ्यात," मी म्हणालो.

"काय करत होतो?"

"अहो डॉक, हे नुसतं कागदावर आहे. ऑल्बनीसाठी. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे ना तुम्ही काय केलंत ते—"

"तुम्हाला माहीत आहे?" त्याचा आवाज चढला. म्हटलं ना, ओरडणं सगळं आमच्यासाठीच राखलेलं. पण हे तसलं ओरडणं नव्हतं. "अकरा वर्षं! ती गेल्यापासून मी दुसरं काय केलंय? घर झाडलं नाही, पत्र लिहिलं नाही, चर्चला गेलो नाही, धड जेवलोसुद्धा नाही. मी गायी बघितल्या. तेवढं एकच केलं. आणि तुम्ही चौतीस जण शिक्का मारून लिहून आणलंत की तेही केलं नाही!"

बर्निस रडायला लागली. अर्ल टोपीचा काठ बघत बसला. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि तेही एवढं सगळं आम्ही त्याच्या भल्यासाठी केलेलं!

डॉकने खिशातून फॉर्म काढला, सपाट केला आणि 'हो'च्या चौकोनात फुली मारली. इतकी जोरात, की कागद फाटला. टॅरिनने मागून चिकटपट्टी लावली. चौकोनापाशी एक ओळ होती: तपशील जोडा. तपशील त्याच्याकडे होता. कुठल्या तारखेला, कुणाच्या गोठ्यात, कुठल्या जनावराला काय केलं, हे त्याने रोज पेन्सिलीने वहीत लिहून ठेवलं होतं. एकेचाळीस वह्या निघाल्या. टॅरिनने त्यांच्या प्रती काढल्या आणि खोक्यात भरून ऑल्बनीला पाठवल्या. आमचे चौतीस कागद डॉकने चुलीत घातले. बर्निस म्हणते, शिक्का मारलेला कागद जाळणं गुन्हा आहे. तिला कुणी विचारलं नव्हतं.

चौकशीला मीच त्याला गाडीतून ऑल्बनीला नेलं. तेवढं तरी करायला हवं होतं. तिघांपुढे बसवलं त्याला. मधल्या बाईंनी विचारलं, "नोंदणी नवी का केली नाहीत?"

"माझी बायको करायची," डॉक म्हणाला.

बाई पुढचं ऐकायला थांबल्या. पुढचं काही नव्हतं.

वाईट माणसं नव्हती ती. स्वतःविरुद्ध एकेचाळीस वह्यांचा पुरावा टपालखर्च भरून पाठवणारा इसम आम्ही पहिल्यांदाच पाहतोय, असं त्यांनी मान्य केलं. मग दोन वर्षं कामबंदी सुनावली, आणि परत सुरू करण्याआधी पंचेचाळीस तासांचे वर्ग. दोन वर्षांनी म्हातारा अठ्ठ्याहत्तरचा. शिक्षा देणाऱ्यांचं गणित चांगलं असतं, पण ते वयाशी करत नाहीत.

कंपनी मग टॅरिनने एकटीने काढली. डॉकनेच काढायला लावली. "मी आत बसत नाही म्हणून तू दार कशाला उघडं ठेवतेस? पोरी, गारठा येतोय," असं म्हणाला. जो सभासद नाही त्याचं नाव कंपनीला लावता येत नाही, आणि टॅरिन म्हणाली, मग माझंही नको. शेवटी 'हार्पर्स किल पशुवैद्यक' असं नाव गेलं.

आता आमच्या राज्याची एक खास गंमत आहे. अशी कंपनी जन्माला आली की तिची सूचना दोन वर्तमानपत्रांत लागोपाठ सहा आठवडे छापावी लागते, म्हणजे सगळ्या जगाला कळतं. सगळं जग म्हणजे आमचं साप्ताहिक घेणारे आठशे लोक. त्यातले सातशे ते कोण मेलं बघायला घेतात आणि बाकीचे चूल पेटवायला. तर या सूचनेत कंपनीचं नाव, गाव, धंदा आणि सभासद म्हणून एकच नाव, टॅरिन ऑस्ट्रँडर. डॉक सहाही आठवडे खानावळीत बसून ती सूचना पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा. मी म्हटलं, "अहो, तेच छापतात दर वेळी. त्यात नवं काय वाचता?" सहाव्या आठवड्यात त्याने पेपर घडी केला आणि म्हणाला, "नीट काम केलंय. एकही चूक नाही."

वर्ग त्याने टॅरिनच्या कॉम्प्युटरवर सुरू केले. पडद्यावर एक पोरगा गायीजवळ कसं जावं ते शिकवायचा. पहिल्या तासाला तो पोरगा गायीच्या नको त्या बाजूला उभा होता, आणि डॉक पडद्यावर ओरडत होता, "अरे सर तिकडून! सर गाढवा, लाथ बसेल!" जोअन हसून हसून खाली बसली. मलाही वाटलं, चला, म्हातारा सावरला.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील, अंगणात घोटाभर चिखल. माझी एक पहिल्या वेताची गाय सकाळपासून अडली होती. वासराचे दोन पाय बाहेर दिसत होते आणि तोंडाचा पत्ता नव्हता. टॅरिनला फोन केला तर ती पलीकडच्या खोऱ्यात, पोट दुखणाऱ्या घोड्यापाशी. "पन्नास मिनिटं लागतील," म्हणाली. गायीकडे बघितलं तर तिच्याजवळ पन्नास मिनिटं नव्हती.

तेवढ्यात डॉकची गाडी आत आली. जोअनची ॲपल पायची रिकामी थाळी परत करायला आला होता. मी गोठ्यातून हाका मारत सुटलो. तो गोठ्याच्या दारापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. लांबूनच त्याने गाय बघितली, तिचा श्वास ऐकला. थाळी कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"डॉक, पाया पडतो तुमच्या," मी म्हणालो. "कोण बघतंय इथे? जोअन सांगणार नाही, मी सांगणार नाही."

"तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे. तुझ्याकडून तेच तर नको होतं मला." मग म्हणाला, "तुझी गाय आहे. तुझ्या गायीला तू हात लावलास तर कुणाची हरकत नाही. साबण लाव. खांद्यापर्यंत."

"मला जमणार नाही!"

"मी तुला काही सांगत नाहीये. सल्ला देणं मला बंद आहे. मला आपली जुनी गोष्ट आठवली. एक्क्याऐंशी साली बेकरच्या गोठ्यात अशीच एक पहिल्या वेताची होती. वासराने मान मागे वळवली होती, डावीकडे. तिथल्या डॉक्टरने काय केलं, कळ येऊन गेली की वासराला आत ढकललं. कळ असताना नाही. कळ गेल्यावर."

मी ढकललं. हात पिळवटून निघाला. "मान लागतेय, डॉक!"

"त्या डॉक्टरलाही लागली. तो मानेवरून पुढे सरकला, जबड्यापर्यंत. मग त्याने वासराच्या तोंडावर तळहाताची वाटी धरली, म्हणजे त्याचे दात गायीला आतून लागत नाहीत. आणि तोंड आपल्याकडे वळवलं. घाई नाही केली. त्या डॉक्टरला तेव्हाही घाम फुटला होता, वेंडेल, तू घाबरलास तर त्यात काही नाही."

त्याचा आवाज तसाच सावकाश, एका पट्टीत चालला होता. मी ऐकत होतो आणि हात जात होता. एकदा सुटलं, परत धरलं. मग एकदम सगळं वळलं, गायीने जोर केला आणि वासरू माझ्या मांडीवर आलं. कालवड. मी तिच्या नाकातला चिकटा काढला, गवताच्या काडीने नाकपुडीत गुदगुली केली, तशी ती शिंकली.

"शिंकली?" बाहेरून आवाज आला.

"शिंकली! डॉक, जिवंत आहे! या की आत, बघा तरी. नुसतं बघायला कुणाची बंदी आहे?"

"बघायला नाही रे बंदी," डॉक म्हणाला. "पण आत आलो तर हे हात खिशात राहायचे नाहीत."

मी कालवड गायीपुढे ठेवली आणि बाहेर आलो. चेहरा माझा रक्ताने आणि आणखी कशाने भरला होता ते सांगत नाही. डॉक तसाच उभा होता. त्याने मुठी इतक्या जोरात आत दाबल्या होत्या की कोटाच्या दोन्ही खिशांची शिवण तळाशी उसवली होती, आणि त्या फटीतून त्याची बोटं बाहेर आली होती.